मॉनिटर, सरपंच आणि महापौर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना घाईत सुटलेले काही तपशील लिहून काढताना घातले आहेत.)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा मला सांगितलं होतं, "कॉम्प्युटर, एआय, असं काहीतरी बोल." मी म्हटलं, ते मी रोज नऊ-दहा तास करते, बांद्याला येऊन तरी नको. गेली पाच-सहा वर्षं डोक्यात एक वेगळीच गोष्ट घोळते आहे, ती बोलू दे. विषय ऐकल्यावर समितीतला आपला मित्र थोडा घाबरला. म्हणाला, "राजकारण नको हां. सगळ्या पक्षांची माणसा असतली हॉलात." त्याला मी शब्द दिला आहे की एकाही पक्षाचं नाव घेणार नाही. तुम्ही मोजत बसा.

विषय असा, की शहराचा महापौर लोकांनी थेट निवडावा, की निवडून आलेल्या नगरसेवकांनी आपल्यातून निवडावा? आणि खरा कारभार नेमलेल्या अधिकाऱ्याच्याच हातात असेल, तर या प्रश्नाला काही अर्थ उरतो का?

या प्रश्नाशी माझी पहिली गाठ आपल्याच शाळेत पडली. आठवीत आपल्या वर्गाचा मॉनिटर सरांनी नेमला होता. नेमलेली मॉनिटर मी होते, हे ज्यांना आठवतं त्यांनी हसायला हरकत नाही. नववीत तुम्ही लोकांनी गडबड केली, की मॉनिटर आम्ही निवडणार. सर तयार झाले. वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, एका कंपासपेटीत गोळा केल्या आणि फळ्यावर काठ्या ओढून मोजल्या. मी पडले. दणकून पडले. जो निवडून आला तो आज सोलकढीच्या व्यवस्थेवर आहे, त्याला बोलावत नाही.

पण तिसऱ्या दिवशी काय झालं ते आठवतं का? खडू संपले. नवा मॉनिटर ऑफिसात गेला. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा सरांची चिठ्ठी बघितल्याशिवाय खडू काढत नसत. सर त्या दिवशी रजेवर. तो हात हलवत परत आला आणि अख्खा वर्ग त्याच्यावर ओरडला, "तुका कित्याक निवडलो?" मला आठवीत कधी खडू कमी पडले नव्हते, कारण सरांनी सही केलेल्या चार-पाच चिठ्ठ्या माझ्या दप्तरात आगाऊ असायच्या. वर्गाचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण खडू होते. त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता आणि खडू नव्हते.

त्यानंतर वीसेक वर्षं मी हा प्रकार विसरून गेले. २०१६ साली कंपनीनं आम्हाला अमेरिकेत पाठवलं, कॅलिफोर्नियात सनीव्हेल नावाच्या शहरात. लोकवस्ती साधारण दीड लाख. आपल्या लोकांची वस्ती इतकी, की गणपतीला मोदकाचा साचा विसरला तर शेजारी मिळतो. बाबांनी फोनवर पहिल्याच महिन्यात विचारलं, "मगे थंयचो सरपंच कोण?" मी शोधायला बसले आणि गोंधळले. सात जणांची कौन्सिल लोक निवडून देत. कौन्सिल आपल्यातलाच एक महापौर निवडे. आणि शहर मात्र तिसराच माणूस चालवत होता. त्याला सिटी मॅनेजर म्हणतात. तो निवडून आलेला नसतो. आपल्या कंपनीत जसा जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन मॅनेजर नेमतात, तसा कौन्सिलनं नेमलेला, पगारी, व्यावसायिक माणूस. रस्ते, पाणी, कचरा, बजेटचा मसुदा, नोकरभरती हे सगळं त्याच्या हाताखाली. काम नीट केलं नाही तर कौन्सिल त्याला घरी पाठवू शकते.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मुख्याधिकारी." मी म्हटलं, "साधारण तसाच, पण त्याला मुंबईहून पाठवत नाहीत. गावच ठेवतं आणि गावच काढतं." यावर बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्यां बरां असा."

२०२० साली सनीव्हेलमध्ये या विषयावर लोकांचं मत घेतलं गेलं. शहराचे सहा प्रभाग करायचे, प्रत्येकातून एक सदस्य, आणि सातवा माणूस म्हणजे महापौर, तो साऱ्या शहरानं थेट निवडायचा, असा प्रस्ताव होता. मला मत नव्हतं, मी व्हिसावर. पण शेजारच्या आजीबाईंच्या घरी मतदारांना पाठवलेली पुस्तिका आली होती, ती मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाचली. ३ मार्चला मतदान झालं, प्रस्ताव पास झाला आणि दोन आठवड्यांत सगळे घरात कोंडले गेलो. नोव्हेंबरात पहिली थेट निवडणूक झाली. लॅरी क्लाइन निवडून आले.

आता यातली गंमत अशी, की लॅरी क्लाइन त्याआधीही महापौरच होते! आधी कौन्सिलनं निवडलेले, आता लोकांनी निवडलेले. माणूस तोच, खुर्ची तीच, सभेत मत एकच, आणि मॅनेजर पूर्वीसारखाच कौन्सिलच्या हाताखाली. मग बदललं काय? मी आजीबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी शहराला कुठे जायचं आहे हे कोणाला विचारायचं ते कळत नव्हतं. आता एक माणूस असा आहे, ज्याला सगळ्या शहराला तोंड द्यावं लागतं. मला ते तेव्हा पटलं. अर्धं अजूनही पटतं.

ही मॅनेजरची पद्धत कुठून आली ते मी नंतर वाचलं, आणि वाचताना मला बांदा आठवलं. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन या गावानं १९०८ साली असा पहिला मॅनेजर नेमला, पण पद्धत गाजली ती ओहायोतल्या डेटन शहरामुळे, आणि तिथे ती आली पुरामुळे. मार्च १९१३ मध्ये डेटनमध्ये नदी शहरात घुसली, माणसं छपरांवर अडकली. शहराचा कारभार त्यापुढे तोकडा पडला. मदतीचं काम अंगावर घेतलं ते गल्ल्याची यंत्रं, म्हणजे कॅश रजिस्टर, बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या मालकानं. जॉन पॅटरसन त्यांचं नाव. शहर धंद्यासारखं, जाणकार माणसाच्या हातून चालवलं पाहिजे असं ते आधीपासून म्हणतच होते, पुरानं लोकांना ते पटवलं. १९१४च्या सुरुवातीला डेटननं मॅनेजर नेमला, आणि मग अमेरिकेतल्या शेकडो शहरांनी.

२०२१च्या जुलैत तेरेखोलचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा मी सनीव्हेलमध्ये होते. २०१९चा पूर ताजा होता, त्यामुळे बाबांनी या वेळी तांदळाची पोती आधीच माळ्यावर चढवली होती. मला व्हॉट्सअॅपवर फोटो येत होते. आपल्याच वर्गातल्या कुणाच्या दुकानाची अर्धी बुडालेली पाटी, कुणाच्या पडवीत तरंगणारी खुर्ची. मी तिकडून फोन लावत होते, इकडे रात्र होती. आईनं सांगितलं ते मला कायम आठवतं. ती म्हणाली, "घाबरू नको गो, सगळी जाणती माणसा बाजारातच आसत." कोणाला फोन करायचा, कोणाकडे होडी आहे, कोणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, हे गावाला तोंडपाठ होतं. पॅटरसनसारखा कारखानदार लागला नाही. पण पाणी ओसरल्यावर पंचनामा, नुकसानभरपाई, मोरी मोठी करायची की नाही, हे सुरू झालं, तिथे मात्र जाणत्या माणसांचा उपयोग संपला आणि सही-शिक्क्याचं राज्य आलं. मला वाटतं पुराच्या रात्रीला आणि पंचनाम्याच्या महिन्याला दोन वेगवेगळी माणसं लागतात. डेटनच्या लोकांना पंचनाम्याचा माणूस हवा होता, तो त्यांनी आणला. पण पुराच्या रात्रीचा माणूस पगारावर मिळत नाही.

आम्ही २०२२ साली परत आलो, पुण्याला. मुलगी तेव्हा पाचवीत. तिकडे शाळेत त्यांना 'आपलं शहर' असा पाठ होता, म्हणून तिनं इथे आल्या आल्या विचारलं, "आई, इथला मेयर कोण?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, कुणीच नाही. १५ मार्च २०२२ पासून पुण्यात प्रशासक होते, म्हणजे आयुक्तच. आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले कोर्टात, निवडणुका अडकलेल्या. मुंबईतही तेच, आणि राज्यातल्या बहुतेक महापालिकांत तेच. मतदान झालं ते यंदा १५ जानेवारीला. जवळजवळ चार वर्षं.

हे चार वर्षांचं प्रकरण मला माझ्या धंद्याच्या भाषेत सांगावंसं वाटतं, तेवढी सूट द्या. आमच्याकडे कोणीही कितीही हुशार असो, त्यानं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. हा अविश्वास नव्हे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, एवढंच कारण. महापालिकेत आयुक्त बजेट मांडतात, स्थायी समिती तपासते, मुख्य सभा मंजूर करते. प्रशासक असला की स्थायी समिती आणि मुख्य सभा यांचे अधिकारही त्याच्याकडेच येतात. म्हणजे लिहिणारा तोच, तपासणारा तोच, मंजूर करणारा तोच. माणूस देवमाणूस असला तरी ही रचना वाईट.

आणि आता निवडणूक झाली तर काय? पुण्यात १६५ नगरसेवक. बहुतेक प्रभाग चार जणांचे, त्यामुळे मी यंदा एकाच वेळी चार मतं दिली. महापौरासाठी एकही नाही. महापौर कुठल्या प्रवर्गातून यायचा त्याची सोडत मंत्रालयात निघते, मग नगरसेवक अडीच वर्षांसाठी एकाला निवडतात. बरं, तो निवडला गेला तरी कायद्यानं कारभाराचा अधिकार आयुक्तांकडे आहे. आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. महापौर सभेचं अध्यक्षपद भूषवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात. खडूच्या कपाटाची किल्ली मामांकडे, आणि मामा सरांचे.

ही रचना काल-परवाची नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. ती मुंबईहून आली. १८६५ साली मुंबईला आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर नेमले गेले. ज्यांच्या नावाचं मार्केट आहे तेच. साहेबांचा झपाटा दांडगा होता, त्यांनी शहर स्वच्छ केलं, मार्केट बांधलं आणि तिजोरीही रिकामी केली. १८७१ साली करदात्यांनी बोंब मारली तेव्हा तरुण फिरोजशहा मेहता उभे राहिले, आणि त्यांचं म्हणणं मोठं नवलाचं होतं. ते म्हणाले, कार्यकारी अधिकारी एकच आणि समर्थ असू द्या, समित्यांच्या हातात रोजचा कारभार देऊ नका, पण त्याच्यावर नजर ठेवायला लोकांनी निवडलेली सभा हवी. १८७२च्या कायद्यानं मुंबईत करदात्यांना अर्धे सभासद निवडायचा हक्क मिळाला आणि १८८८च्या कायद्यात हीच चौकट पक्की झाली. आपल्या सगळ्या महापालिका कमीअधिक त्याच साच्यातल्या. म्हणजे डेटनच्या किती आधी आपल्याकडे मॅनेजर होता बघा. फरक एवढाच, की डेटनमध्ये त्याचा मालक शहर होतं आणि मुंबईत सरकार. ब्रिटिश गेले, सरकार आपलं झालं, मालक बदलला नाही.

(क्रॉफर्डसाहेबांना कोकण चांगलं ठाऊक होतं, पुढे त्यांनी कोकणातल्या दंतकथांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. आणि ज्या १८८८ साली मुंबईचा तो कायदा झाला, त्याच साली पुण्यात कमिशनर असलेल्या साहेबांवर मामलेदारांकडून पैसे खाल्ल्याचं प्रकरण गाजलं. हे विषयांतर आहे, पण इतिहासाच्या बाई समोर बसल्या असताना मला राहवलं नाही.)

मुंबई-नागपुरात १९९८ साली मेयर-इन-कौन्सिल म्हणून एक प्रयोग झाला, महापौर आणि त्याच्या मंडळाकडे कारभार देण्याचा. तो वर्षभरात गुंडाळला. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव आणला. १०४ विरुद्ध ६ असा तो पास झाला. पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर आयुक्तांना परत बोलवावं अशी कायद्यात तरतूद आहे, आणि हे तर कितीतरी जास्त झाले. तरी सरकारनं तेव्हा त्यांना हलवलं नाही. बदली झाली ती पुढच्या मार्चमध्ये. मी खरं सांगते, मी तेव्हा तिथली नागरिक असते तर कदाचित मुंढ्यांच्याच बाजूनं रस्त्यावर आले असते. खूप लोक आलेच होते. पण त्या १०४ जणांना निवडून देणारेही त्याच शहरातले लोक होते ना! नगरसेवक नकोसे वाटतात म्हणून आपण आयुक्तांवर खूश असतो. ही खुशी मला आता थोडी धोक्याची वाटते. ती म्हणजे आठवीतल्या मॉनिटरवर खूश असणं.

आता गावाकडे येते, कारण या बाबतीत आपली ग्रामपंचायत पुण्यापेक्षा पुढे आहे, हे तुम्हालाही कदाचित माहीत नसेल. ग्रामपंचायतीच्या कायद्यात कार्यकारी अधिकार सरपंचाकडे आहे. कागदोपत्री तरी तो नुसता सभेचा अध्यक्ष नाही. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, या दोघांची सही लागते. दोन किल्ल्यांचं कुलूप. आणि २०१७पासून सरपंच थेट लोकांतून. २०२०त ते बंद झालं, २०२२त पुन्हा सुरू झालं. नगराध्यक्षांचं तर विचारूच नका. २००१च्या निवडणुकांत थेट, २००६ला नगरसेवकांतून, २०१६ला थेट, २०२०ला रद्द, २०२२ला पुन्हा थेट. गेल्या डिसेंबरात आपल्या सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्यात आणि कणकवलीत मतदान झालं ते या शेवटच्या फेऱ्यातलं. आमच्या ऑफिसात कोणी एखादी गोष्ट पंचवीस वर्षांत इतक्या वेळा चालू-बंद केली तर त्याला विचारतील, तुला नक्की हवंय काय? आणि या सगळ्या उलटापालटीत महापालिकेच्या महापौराला कोणी हात लावलेला नाही. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे गोव्यात तर सरपंच आजही पंचच निवडतात, आणि तिथे अविश्वास ठराव किती वारंवार येतात ते आपण पेपरात वाचतोच.

आपल्याच वर्गातली एक मैत्रीण, नाव घेत नाही, ती समोरच बसली आहे आणि मला डोळे दाखवते आहे, ती २०१७ साली तिच्या सासरच्या गावची सरपंच झाली, थेट निवडून. मी तिला विचारूनच हे सांगते आहे. तिच्यासमोर सदस्य नऊ, त्यातले सहा दुसऱ्या पॅनेलचे. पहिल्या सभेला सहाही जण आले, सह्या केल्या आणि चहा न घेता उठून गेले. एका वाडीला जायचा साकव मोडकळीला आला होता. ती विषय मांडायची, ते नामंजूर करायचे. तिला लोकांनी निवडलेलं, त्यांनाही लोकांनीच. कोण जास्त खरं? असा प्रश्न शिमल्यातही पडला होता. २०१२ साली तिथे महापौर थेट निवडून आले एका पक्षाचे, ज्याचे नगरसेवक २५ पैकी अवघे तीन. पुढच्या निवडणुकीपर्यंत थेट निवडणूकच काढून टाकली.

आपल्या मैत्रिणीनं काय केलं? तिनं साकवाचा विषय ग्रामसभेत नेला. २६ जानेवारीची ग्रामसभा. त्याच्या आदल्या दिवशीच्या महिलांच्या सभेत वाडीतल्या बायका पोरांना काखेत घेऊन आल्या आणि त्यांनी सांगितलं, पावसात पोरं या साकवावरून शाळेत जातात. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या परत आल्या, नवऱ्यांना घेऊन. सहांपैकी दोघांच्या घरच्याच बायका त्यात होत्या. ठराव झाला. तेवढ्यात ग्रामसेवकांची बदली झाली, नवे येईपर्यंत दोन महिने दुसरी सही नव्हती, आणि पाऊस लागला. साकव पुढच्या वर्षी झाला. तो पावसाळा वाडीतल्या माणसांनी दोर बांधून काढला. ती मला फोनवर म्हणाली होती, "सरपंच मी, पण किल्ली माझ्याकडे एकच." मी तो दिवसभर डोक्यात घेऊन फिरले. मला आपला खडूवाला मॉनिटर आठवला आणि पहिल्यांदा त्याची दया आली.

या भाषणाची तयारी करताना मी आपल्या नागरिकशास्त्राच्या सरांना फोन केला. त्यांनी माझा सगळा उत्साह ऐकून घेतला आणि म्हणाले, "थेट निवडलेला माणूस पाच वर्षं कोणाचंच ऐकत नाही, हे विसरू नकोस. नगरसेवकांनी निवडलेल्याला निदान त्यांना सांभाळून घ्यावं लागतं. आणि मोठ्या शहरात थेट निवडणूक लढवायला किती पैसा लागतो, ते बघ. कोण उभं राहू शकेल? तू राहशील?" सर, मी नाही राहणार. आणि तुमचं पैशाबद्दलचं म्हणणं खरं आहे. सरपंचाच्या निवडणुकीत घरोघर फिरता येतं, पुण्यात नाही फिरता येत. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण पहिल्या मुद्द्याला थोडं आहे. सरपंचाच्या बाबतीत कायद्यानं एक चांगली गोष्ट केली. थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी अविश्वास आणला तरी तेवढ्यावर तो जात नाही, तो ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि गाव गुप्त मतदान करतं. ज्यांनी बसवला त्यांनीच उठवायचा. शहराला ग्रामसभा नाही, हीच मोठी अडचण आहे.

तर माझं मत. आजच्या महापालिकेत, आयुक्त सरकारचा आणि कारभार त्याच्याकडे अशी रचना असताना, महापौर थेट निवडून मला तरी काही मिळेलसं वाटत नाही. आपण लाखो लोकांकडून मतं घेऊन एक माणूस ऑफिसात पाठवू आणि तो हात हलवत परत येईल, आणि आपण त्याच्यावर ओरडू. सनीव्हेलमध्ये दोन्ही पद्धती चालल्या, कारण मॅनेजर दोन्ही वेळा शहराच्याच हाताखाली होता. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न महापौराचा नाहीच, आयुक्ताचा आहे. सरकारनं हवं तर चार-पाच जाणत्या अधिकाऱ्यांची यादी द्यावी, पण त्यातून निवडायचा हक्क शहराच्या सभेला असावा, त्याची मुदत ठरलेली असावी, आणि सभेनं ठरलेल्या बहुमतानं काढला तर तो जावा. त्या दिवशी महापौर थेट निवडायला मी पहिली रांगेत उभी राहीन. तोवर मला थेट महापौरापेक्षा थेट सरपंच जास्त पटतो, त्याच्याकडे निदान एक किल्ली आहे. सरांना हे पटलेलं नाही. ते म्हणाले, सभेच्या हातात आयुक्त दिलास तर ठेकेदार आयुक्त निवडतील. कदाचित. पण आज कोण निवडतं, हेही आपल्याला कुठे विचारता येतं, सर?

हे सगळं बांद्यात येऊन का सांगते? कुडाळ, दोडामार्ग, वैभववाडी, देवगड-जामसंडे, ही सगळी ठिकाणं गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. निधी वाढतो, मुख्याधिकारी येतो, आणि ग्रामसभा जाते. आपला बाजार ज्या वेगानं वाढतो आहे, ते बघता हा प्रश्न कधीतरी आपल्या दारातही येईल. तेव्हा निधीचे आकडे सगळे सांगतील. साकवासाठी आदल्या दिवशी पोरांना काखेत घेऊन यायची जागा कुठली, ते कोणीतरी विचारायला हवं.

माझी पंधरा मिनिटं संपली, समितीतला मित्र मघापासून घड्याळ दाखवतो आहे. समोरची मैत्रीण मला म्हणाली होती की साकवाची गोष्ट मी अर्धीच सांगते, त्या सहा जणांपैकी एकानं पुढे काय केलं ते सांगतच नाही. माईक तिच्याकडे देते. जेवण पाच मिनिटं उशिरा झालं तर दोष माझा.